नामंजूरमधला ‘ना’

आबा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. आम्ही धरणाच्या पाण्याकाठी अजून नीट उभेही राहिलो नव्हतो. तुझा लेक विकास पिंड ठेवून मागं सरतोय तोवर एक कावळा आला आणि घास घेऊन गेलासुद्धा. गणपतनं हात जोडले. म्हणाला, "बघा, आबांची काय बी इच्छा राह्यली न्हवती." मी मनात म्हटलं, झालं! कावळ्यानंही मंजूर म्हटलं. इतकी वर्षं माणसं म्हणत होती, आता पाखरंही म्हणायला लागली.

पण तुझी एक इच्छा राहिली होती, आणि ती माझ्यापाशी होती. तुझ्या सभेत एकदा, कुणाच्या तरी तोंडून, तुला ‘नामंजूर’ ऐकायचं होतं. ते म्हणायचं काम तू मला सांगितलं होतंस. मी म्हणालो. तुला ऐकू आलं नाही. त्यावरून आपण भांडलो, वर्षभर धड बोललो नाही, आणि आता तू निघून गेलास, ते भांडण माझ्या गळ्यात टाकून. हा कुठला न्याय रे?

काल संस्थेची सभा झाली. तुझ्याशिवायची पहिली. तिथं काय झालं ते सांगायला बसलोय, पण तुला माझी खोड ठाऊक आहे. मुळापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. "मास्तर, तू शेवटची बस सांगताना बी अश्मयुगापासनं सुरवात करतूस," असं तूच म्हणायचास. इतिहास शिकवणाऱ्याशी दोस्ती केलीस, आता भोग.

उजनीचं पाणी फुगत फुगत आपल्या गावाच्या कडेला आलं तेव्हापासून सुरुवात करतो. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, आपली खालची रानं गेली, आणि वरचा माळ मात्र कोरडा तो कोरडाच राहिला. ते पाणी उपसून माळावर चढवायचं म्हणून गावानं पाणी संस्था काढली. रावसाहेब चेअरमन झाले. झाले म्हणजे काय, दुसरं कोण होणार होतं? त्यांच्या सभा तुला आठवत असतील. ते खुर्चीत बसून पान जमवायचे. सेक्रेटरी विषय वाचायचा आणि मान वर न करता विचारायचा, "मंजूर?" कुणी बोलायचं नाही. गप्प बसलं की मंजूर. माणसं खाली बघून काडीनं माती उकरत बसायची. पाणी रावसाहेबांच्या भावकीच्या रानापर्यंत यायचं आणि तिथंच दमायचं.

त्या सभेत एके वर्षी तू उठलास. आणीबाणीत इंदापूरच्या बाजारात घोषणा दिल्या म्हणून तू पूर्वी काही महिने आत जाऊन आला होतास. तुझी आई म्हणायची, "माझ्या लेकाला तुरुंगातली भाकर मानवली, अंगानं भरून आला." त्यामुळं गाव तुला जरा वाया गेलेलाच समजायचं. तू धोतराचा सोगा झटकलास आणि म्हणालास, "नामंजूर."

मोठ्यानं नाही. पंगतीत वाढप्याला ‘पुरे’ म्हणावं, इतकं साधं. पण सभा इतकी गप्प होती की पार शेवटच्या ओळीत ऐकू गेलं. रावसाहेबांचा पानाचा हात तोंडापाशीच थांबला. सेक्रेटरीनं पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "काय म्हनला?"

"म्हनलं, नामंजूर. लिवा."

मी तेव्हा बारामतीच्या शाळेत नुकताच लागलो होतो. फ्रान्सची क्रांती पोरांना घडाघडा शिकवायचो, पण क्रांती अशी धोतर झटकून उठते हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या निवडणुकीत रावसाहेब पडले आणि तू चेअरमन झालास. मी एसटीनं पेढे घेऊन आलो, तर म्हणालास, "एवढ्यात कशाला? आधी पानी चढू दे."

आणि पाणी चढलं! वरकुट्याच्या अंगाच्या त्या माळावर, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं ऊस उभा राहिला, डाळिंबं लागली. सुरुवातीच्या तुझ्या सभा म्हणजे काय वर्णावं! दुपारी बसलेली माणसं दिवेलागणीला उठायची. पाळी कुणाची आधी, पाइप कुणाच्या बांधावरून, प्रत्येक गोष्टीवर भांडण. तू मध्ये बसून मिशीत हसायचास. एकदा मी म्हटलं, "अरे, आवर की यांना." तू मला तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मेंढरांसोबत चालणाऱ्या तांड्याला तुम्ही वाडा म्हणता, आणि तुझे वडील त्या वाड्याचे कारभारी. पण उद्याचा मुक्काम कुठं, हे ते एकटे ठरवत नसत. संध्याकाळी सगळे बसायचे, बायाही बसायच्या. तुझी आई ‘न्हाय’ म्हणाली की वाडा हलायचा नाही. "ज्येला चालायचं हाय, त्येनं न्हाय म्हनायचं हाय," असं ती म्हणायची, आणि तू ते मला असं सांगितलंस की जणू मी तुमच्यातलाच आहे. मला ते कुठल्याही राज्यघटनेइतकं मोठं वाटलं होतं. तुला तसं बोललो नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून. बोलायला हवं होतं.

मग ते सगळं कधी बदललं? मी फार शोधलंय, आबा, कारण मला सवयच तारखा शोधायची. पण याला तारीख सापडत नाही. एवढं आठवतं की पहिल्यांदा ओरडला तो गणपत. त्याच्या टेकाडावरच्या रानात तीन पिढ्यांत पहिल्यांदा पाणी आलं होतं. सेक्रेटरी जगन्नाथ विषय वाचत होता आणि गणपतला राहवलं नाही, तो हात वर करून ओरडला, "मंजूर!" सगळे हसले. तूही हसलास. पुढच्या वर्षी चारदोन जण ओरडले. त्याच्या पुढच्या वर्षी सगळा मांडव. मग जगन्नाथचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मंजूर होऊ लागलं. "संस्थेच्या..." म्हटलं की "मंजूर! मंजूर!" कशाला मंजूर, कुणी विचारू नये. दुपारी सुरू झालेली सभा चहा उकळायच्या आत संपायला लागली. निवडणुका बिनविरोध झाल्या. आणि शेवटी जगन्नाथ ते ठरलेलं वाक्य वाचायचा, "याबाबतचे सर्व अधिकार माननीय चेअरमन यांना देण्यात येत आहेत." त्याला तर सर्वांत मोठा आवाज.

मी तुला चिडवायचो. म्हणायचो, "आबा, जगात हुकूमशाही रणगाड्यातून येते. आपल्याकडं ती आयत्या वेळच्या विषयांतून येते."

"येऊ दे," तू म्हणायचास. "पानी येतंय नव्हं?"

त्या हिवाळ्याची आठवण येते, जेव्हा रोज रेडिओवर कुठलं ना कुठलं सरकार पडल्याची बातमी असायची. बर्लिनची भिंत पडली, मग एकेक देश. तू संध्याकाळी पंपहाऊसच्या पायरीवर रेडिओ लावून बसायचास आणि मी शनिवारी आलो की मला फैलावर घ्यायचास, जणू ती सरकारं मीच पाडली. रुमानियाची बातमी तर तू माझ्याकडून तीनतीनदा वदवून घेतलीस. तो म्हातारा सत्ताधीश सज्ज्यात उभा राहून भाषण करतोय, खाली त्याचीच जमवलेली माणसं, आणि एकाएकी आवाज बदलतो. तो हात वर करून बघत राहतो. त्याला कळतच नाही की लोक काय ओरडताहेत.

"त्येला खरंच कळलं नसंल?" तू विचारलंस.

"कसं कळणार? इतकी वर्षं एकच आवाज ऐकलेला."

"मग ती मान्सं आधी जे वरडत हुती, ते कवापासनं खोटं वरडत हुती?"

तेवढ्यात पंपाची लाइट गेली आणि तू उठून शिव्या देत फ्यूज बघायला गेलास. पण तुझ्या मनात ते राहिलं असणार. पुढं रशियाही मोडला, तेव्हा आपलं पुन्हा जुंपलं. तू म्हणालास, रावसाहेब गेला, मी आलो, मी जाईन तेव्हा दुसरा येईल, राज्य म्हणतात ते यालाच. मी म्हटलं, माणूस बदलला म्हणून राज्य बदलत नाही, लोक ‘मंजूर’ कसं म्हणतात ते बदललं पाहिजे. तू भडकलास. "मास्तर, तुजा इतिहास समदा मेलेल्या मान्सांचा. जित्या मान्साला पानी लागतं." गोदावहिनींनी दोघांच्या पुढ्यात ताटं आदळली तेव्हा आपण गप्प झालो. "लेनिनला बी जेवायला वाढू का?" असं त्या म्हणाल्या, आणि तुला इतकं हसू आलं की ठसका लागला.

त्यानंतरच कधीतरी तू राजीनामा द्यायला निघालास. मला न सांगता. सभेत उठून म्हणालास, "बास झालं, आता तरण्या पोरांनी करावं." त्यावर मांडवात जो आवाज उठला, तो मी विसरणार नाही. "नामंजूर! नामंजूर!" इतकी वर्षं त्या लोकांना तो शब्द येत होता, आबा! तोंडात तयार होता. पण त्यांनी तो वापरला तो तुला खुर्चीत बसवायला. गणपतनं तुला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसलेला तू माझ्याकडं बघत होतास. सगळ्यांना वाटलं तू सुखावलास. मला तुझा चेहरा बघवेना.

मग माळावरची ती दुसरी पाइपलाइन झाली. पूर्वेच्या बाजूनं न्यायची असं तू ठरवलंस, जगन्नाथनं वाचलं, लोकांनी मंजूर केलं. चर खणायला घेतला तर हातभर मातीखाली सलग कातळ. सुरुंग लावले, वळसे घातले, कसाबसा पाइप टाकला आणि पाणी सोडलं त्याच दिवशी तो फुटला. तू डोक्याला हात लावून दगडावर बसलास. सीतारामतात्या काठी टेकत आले. त्यांचं शेत तिथंच. म्हणाले, "हितं कातळ हाय, आमास्नी ठावं हुतं."

"मग बोलला न्हाय?"

"तुमी इचारलं कुठं, आबा? तुमी वाचलं, आमी मंजूर म्हनलं."

तात्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते तुझ्यावर जीव टाकणाऱ्यांतले. म्हणूनच तुला जास्त लागलं. तू त्याच आठवड्यात एसटीनं बारामतीला माझ्या घरी आलास. चहा घेतला नाहीस, चपलासुद्धा काढल्या नाहीत, ओट्यावरच उभा राहिलास.

"मास्तर, येत्या सभेला तू नामंजूर म्हन."

"कशाला?"

"कशाला बी. चहाला म्हन. पर म्हन. रावसाहेबाला निदान मी तरी हुतो. मला कोन हाय?"

हे तुझं वाक्य मी आजही शाळेत पोरांपुढं उभा असलो तरी ऐकतो. मी तुला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, चहाला कशाला, ‘सर्व अधिकार’च्या ठरावालाच म्हणतो. माझी दोन एकरं माळावर आहेत, मीही सभासद आहे. तुझा चेहरा खुलला. मग चहा घेतलास, वर दुसरा कप मागितलास.

आता ऐक, कारण इथंच आपलं भांडण आहे. देवळापुढच्या मांडवात मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो, गणपतच्या शेजारी. जगन्नाथनं वाचलं, "सर्व अधिकार..." आणि मी उभा राहिलो. उभा राहिलो, आबा! हात वर केला आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नामंजूर!" पण त्याच घटकेला सगळा मांडव उठला. "मंजूर! मंजूर!" त्या कल्लोळात माझा ‘ना’ कुठं गेला कुणास ठाऊक. उरला तो ‘मंजूर’. तो इतरांच्यात मिसळून गेला. मराठीनंच घात केला माझा. शब्दच असा की त्याच्या पोटात उलटा शब्द बसलेला. तू माझ्याकडं बघितलंस. हात वर केलेला, तोंड उघडं, उभा असलेला मी तुला दिसलो. तू नजर खाली घातलीस.

मांडवामागं मी तुला गाठलं. "ऐकलंस ना?"

"ऐकलं," तू म्हणालास. "मंजूरच ऐकू आलं. मास्तर, तू बी?"

"अरे, मी नामंजूर म्हणालो!"

तेवढ्यात गणपत तिथं टपकला. त्याला वाटलं तू माझ्यावर संशय घेतोयस आणि मला वाचवलं पाहिजे. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आबा, शप्पत, मी शेजारी हुतो. मास्तर मंजूरच म्हनले. चांगलं उबं राहून म्हनले." त्या गणपतच्या भल्या तोंडाला काय म्हणू? तू तिथून चालता झालास.

मला राग आला. आजही येतो. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी एक खोटं बोललो नव्हतो आणि तू गणपतवर विश्वास ठेवलास! मी ठरवलं, जोवर हा स्वतः म्हणत नाही तोवर आपण जायचं नाही. सांगवीला सासुरवाडीला गेलो, तिथून वाकडी वाट करून येता आलं असतं, नाही आलो. तूही बारामतीला बाजाराला यायचास आणि माझ्या गल्लीवरून न जाता पलीकडून जायचास, हे मला दुकानदारानं सांगितलं. दोन म्हातारे, शाळकरी पोरांसारखे रुसलेले. काय मिळवलं आपण? एवढं आयुष्य बोलण्यात घालवलं आणि शेवटचं वर्ष गप्प बसून काढलं. याची चुटपुट आता जाणार नाही.

या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं आणि पळसदेवच्या जुन्या देवळाचा कळस वर आला, मग दगडी अंगही दिसायला लागलं. दरवेळी ते दिसलं की तू मला निरोप धाडायचास, "देऊळ निघालंय, ये." यंदा निरोप आला तो गोदावहिनींचा. पण शब्द तुझेच होते. "मास्तरला म्हनावं, सभेला ये. औंदा माइक तुज्या हातात देतो, मग बघू तुजा ना कोन खातंय." म्हणजे तुझा विश्वास बसला होता! की बसला नव्हता आणि पुन्हा परीक्षा घेणार होतास? ते मला तुझ्याकडूनच कळायला हवं होतं.

सभेआधी तूच बारामतीला आलास, पण दवाखान्यात. छातीत कळ आली होती. मी धावत गेलो. नाकात नळी, हातात सुई. तू मला ओळखलंस, बोट हलवून जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "सभा कवा हाय?" मी म्हटलं, "आधी बरा हो, मग सभा." तू डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं ते. तेव्हाच तुझ्या कानाशी वाकून म्हणायला हवं होतं, नामंजूर, नामंजूर, शंभरदा म्हणायला हवं होतं. तिथं ओरडणारं कुणी नव्हतं. खोलीत एवढी शांतता होती, रावसाहेबांच्या सभेसारखी. पण मला वाटलं, वेळ आहे.

या काही दिवसांत एक गोष्ट मला कळलीय, आणि ती तुला सांगायला तू नाहीस. रावसाहेबाला लोक भीत होते, म्हणून सभा गप्प असायची, म्हणून तुझा ‘ना’ ऐकू गेला. तुझ्यावर लोकांनी माया केली, म्हणून सभा ओरडायची, म्हणून माझा ‘ना’ बुडाला. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की जुलमी राज्यं भीतीवर उभी असतात. अर्धंच शिकवलं रे. उपकारावर उभं असलेलं राज्य हलवणं जास्त अवघड, कारण तिथं नाही म्हणणारा कृतघ्न ठरतो. तू वाईट नव्हतास. तू वाईट असतास तर मला किती सोपं गेलं असतं.

तर कालची सभा. तोच मांडव. तुझ्या खुर्चीवर तुझा फोटो, हार घातलेला. शेजारच्या खुर्चीत विकास, पांढऱ्या शर्टात अवघडून बसलेला. त्यालाच चेअरमन करायचं, हे गावानं तुझ्या तेराव्यालाच ठरवून टाकलं होतं. गोदावहिनी बायकांत पुढं बसल्या होत्या. त्यांच्या नावावर जमीन असल्यानं त्याही सभासद आहेत, पण सभेला पहिल्यांदाच आल्या. मी तिसऱ्या ओळीत. शेजारी गणपतच.

पहिला विषय शोकप्रस्ताव. जगन्नाथनं वाचायला घेतलं. "आपल्या संस्थेचे चेअरमन आबा यांचे दुःखद निधन झाले, याबद्दल ही सभा..."

"मंजूर! मंजूर!"

हो, आबा. सगळा मांडव. सवयच ती, जीभ मनाला विचारत नाही. तुझ्या मरणाला तुझ्या लोकांनी हात वर करून मंजुरी दिली. गणपत सगळ्यांत मोठ्यानं ओरडला आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं. तो हमसून रडायला लागला. मांडव चिडीचूप. वर्षानुवर्षांत आपली सभा अशी गप्प मी ऐकली नव्हती. मला आधी हसू फुटलं, खरं सांगतो, कारण तू असतास तर गडाबडा लोळला असतास. आणि मग पोटातून जे वर आलं ते हसू नव्हतं. या खेपेला मी ओरडा संपू दिला होता. मी उठलो.

"नामंजूर," मी म्हटलं.

मोठ्यानं नाही म्हटलं. मोठ्यानं म्हणायची गरजच नव्हती.

गणपतनं डोळे पुसत माझा सदरा ओढला. "मास्तर, अवं आबा गेल्यात."

"ठाऊक आहे मला."

"मग नामंजूर काय?"

"त्याचं जाणं. मला नाही मंजूर. जगन्नाथ, लिहा."

जगन्नाथ गोंधळला. शोकप्रस्तावाला विरोध कसा लिहायचा, असं त्यानं विकासला हळूच विचारलं. विकास फोटोकडं बघत होता. तेवढ्यात गोदावहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माजं बी लिवा. मला बी न्हाय मंजूर." पदर तोंडाला लावला त्यांनी, पण शब्द स्पष्ट होते. विकासनं खाली मान घातली आणि म्हणाला, "लिहा."

दुसरा विषय विकासच्या निवडीचा, आणि त्यालाच जोडून तुझं ते वाक्य. जगन्नाथनं वाचलं, "सर्व अधिकार माननीय चेअरमन यांना देण्यात येत आहेत." वाचलं आणि सवयीनं क्षणभर थांबला, ओरड्यासाठी. ओरडा आला नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. नुकतेच पोळले होते ना! मग मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सीतारामतात्या.

"जगन्नाथ, ते परत वाच."

जगन्नाथनं परत वाचलं.

"सगळं अधिकार म्हंजी कंचं कंचं?" तात्यांनी विचारलं.

आणि आबा, सुरू झालं! तुझ्या सुरुवातीच्या दिवसांसारखं. पाळीवरून, पाइपावरून, जुन्या कातळावरून. विकास आधी लाल झाला, मग खुर्चीतून उठून लोकांत येऊन बसला. उद्या काय होईल मला माहीत नाही. पुढच्या वर्षी हीच माणसं त्यालाही खांद्यावर घेतील, मी जगात असं फार वेळा झालेलं वाचलंय. पण काल दिवे लागले तरी मांडव उठला नव्हता, आणि तुझ्या फोटोशेजारची खुर्ची मोकळी होती. इथं तू हवा होतास रे. मिशीत हसत बसलेला.

निघताना मी जगन्नाथकडून कालचं लिखाण मागून वाचलं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक ठरावाखाली ‘एकमताने मंजूर’ लिहायची त्याची रीत. काल त्यानं ‘एक’ लिहून खोडलंय आणि पुढं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘आबा यांच्या निधनाबद्दल ही सभा बहुमताने दुःख व्यक्त करते. विरोधी मते दोन.’

ऐकू आलं का आता?